बाईंच्या विमानाला कोणतं तेल

एकदा एक म्हातारा होता, आणि तो तेलाला अहोजाहो करायचा.

हसून घ्या आधी. हसलात? आता ऐका. डबा उघडताना तो म्हणायचा, "या महाराज." ओतून झालं की डबा खाली ठेवून हात जोडायचा. आपल्याला तेल म्हटलं की काय ठाऊक? डोक्याला चोपडायचं, भजी तळायची, दाराची कडी कुरकुरली की दोन थेंब सोडायचे. पण हा म्हातारा विमानाचा मिस्त्री होता. मोठ्या, चारशे माणसं पोटात घालणाऱ्या विमानांचा नव्हे. नाकावर पंखा असलेल्या, दोन-चार माणसांच्या छोट्या विमानांचा. एका उजाड माळावर एक धावपट्टी होती, तिच्या टोकाला पत्र्याचं भलंमोठं शेड. शिकलेले लोक त्याला हँगर म्हणायचे. गावातली माणसं म्हणायची विमानाचा गोठा.

म्हाताऱ्याला सगळे पांचाळ मास्तर म्हणत. त्याच्या हाताखाली एक चेला होता, निवृत्ती नावाचा. ताडमाड उंच, शिकलेला, परीक्षा पास झालेला, आणि मनानं इतका मऊ की पंख्यात चिमणीनं काडी आणून ठेवली तरी ती काढताना चिमणीची माफी मागायचा. विमानावर त्याचा जीव. आता जीव असणं चांगलंच. पण जीवाचं काय असतं, तो लावायला लागलं की माणसाला वाटतं, आपल्याला सगळं कळलं.

गोठ्यात तीन विमानं होती.

पहिलं शिकाऊ पोरांचं. ते उजाडायला उठायचं ते दिवेलागणीपर्यंत वर-खाली, वर-खाली. पोरं त्याला पट्टीवर अशी आपटायची की बघणाऱ्याच्या कमरेत कळ यायची. त्याला मास्तर पातळ-जाड दोन्ही गुणांचं तेल घालायचा. म्हणजे सकाळी गारठ्यात पातळ राहतं, पटकन सगळीकडं पळतं, आणि दुपारी तापलं तरी फार पाणचट होत नाही. महागडं तेल ते.

दुसरं वरून जमिनीचे फोटो काढणाऱ्या कंपनीचं. त्याचं इंजिन नुकतंच सगळं खोलून, आत नव्या रिंगा घालून बांधलेलं. त्याला मास्तरनं घातलं साधं तेल. अगदी साधं, काहीही न मिसळलेलं. वर वैमानिकाला सांगितलं, "ह्याला हळू चालवू नका. चांगलं दामटा."

निवृत्तीचा जीव कळवळला. "मास्तर, नवं इंजिन आहे. त्याला भारी तेल घालायचं सोडून तुम्ही हे घालताय?"

"नव्या सुनेला पहिल्या दिवसापासून पलंगावर बसवलं तर तिला घरात डबा कुठं आहे ते कळेल का?" मास्तर म्हणाला. "रिंगा नव्या, सिलिंडर नवा. दोघं अजून खरखरीत आहेत. थोडे एकमेकांना घासू देत, ओळख होऊ दे. फार गुळगुळीत तेल मधे आलं की ओळखच राहून जाते. मग आयुष्यभर तेल पीत बसतं ते इंजिन. एकदा बसले की मग घालू दुसरं."

आणि तिसऱ्याला, जे नुसतं उभंच असायचं, त्याला मास्तर घालायचा जाडंभरडं तेल. डबा उलटा केला तरी विचार करून खाली येणारं.

निवृत्ती कावला. "मास्तर, एकदाच सांगा. सगळ्यात भारी तेल कोणतं?"

"घरी जा आणि आईला विचार, सगळ्यात भारी जेवण कोणतं. ती विचारील, कोणासाठी? तापातल्या माणसाला की पैलवानाला?"

"माझी आई म्हणेल, गप गिळ."

"मग तुझी आई माझ्यापेक्षा शहाणी," मास्तर म्हणाला आणि तंबाखूची डबी शोधायला लागला. शेडमध्ये तंबाखू मळायला बंदी होती, ती त्यानंच घातलेली, त्यामुळे डबी लपवायचाही तोच आणि शोधायचाही तोच.

आता त्या तिसऱ्या विमानाचं सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथंच आहे.

ते होतं मंदाकिनीबाईंचं. बाईंची कोंबड्यांची अंडी उबवायची हॅचरी. रोज हजारो पिल्लं बाहेर पडायची, सगळी पंखवाली, एकही न उडणारी. आणि बाईंचे यजमान, पंख नसलेला माणूस, त्यांना उडायचं वेड. त्यांनी हे विमान घेतलं, लेकीला मांडीवर बसवून ढग दाखवले, आणि एका उन्हाळ्यात छातीत कळ येऊन गेले. विमान राहिलं. लेक जुई दूर देशी विमान चालवायला शिकायला गेली. बाईंनी विमान विकलं नाही. पण यजमान गेल्यापासून त्यात पाऊलही ठेवलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला बाई हँगरवर आल्या. निवृत्तीला म्हणाल्या, "बाळा, जुई नवरात्रात येतेय. तिच्या शेजारी बसून मला एकदा वर जायचंय. हे बसायचे त्या सीटवर ती बसेल, आणि मी माझ्या. तोवर हे विमान मरू देऊ नकोस."

"मी आहे ना बाई," निवृत्ती म्हणाला.

त्याच सुमारास मास्तरच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. लेक हुबळीला, तिच्याकडं ऑपरेशनला जायचं ठरलं. पावसाळाभर तिकडंच. शिकाऊ विमानाचं बघायला दुसरा मिस्त्री बदलीवर आला. एसटीत चढताना मास्तर निवृत्तीला एवढंच म्हणाला, "बाईंच्या विमानाला जाड तेल घाल आणि झोपू दे त्याला." का, ते सांगितलं नाही. म्हाताऱ्यांना वाटतं, आपण सांगितलं म्हणजे झालं.

निवृत्ती परत येऊन दोन डब्यांसमोर उभा राहिला. एक जाड तेल, धूळ बसलेलं. एक ते भारी, चकचकीत, सगळ्या ऋतूंचं. त्यानं इंजिनाचं पुस्तक काढून बघितलं. पुस्तकात दोन्ही चालतात असं छापलेलं. म्हणजे चूक काहीच नाही! तो मनाशी म्हणाला, शिकाऊ पोरांच्या धटिंगण विमानाला भारी तेल, आणि बाईंच्या यजमानांच्या आठवणीला हे गाळासारखं? मास्तरला दिसत नाही आता, म्हणून डब्याचा रंग कळत नसेल.

त्यानं भारी तेल घातलं.

आणि त्या माळावर एक जुनी पद्धत होती. सकाळी आलं की चावी बंद आहे ना बघायचं, विमानाच्या पंख्याला हात लावून तो हातानं एक-दोन वेढे फिरवायचा, मग हात छातीला लावायचा. कोणी सुरू केली देव जाणे. शिकाऊ विमानाला ते चालून जायचं, कारण ते थोड्या वेळानं उडायचंच. निवृत्तीनं बाईंच्या विमानाला ते सुरू केलं. रोज. बाहेर पाऊस पत्र्यावर ताशा वाजवतोय आणि हा आत पंखा फिरवतोय, म्हणतोय, "उठा हो, अंग मोकळं करा." म्हाताऱ्या माणसाला सकाळी चालवून आणतात ना, तसं.

एवढ्यावर थांबला असता तर तो निवृत्ती कसला? दर शुक्रवारी तो इंजिन चालू करायचा. पाच-सात मिनिटं. ही गोष्ट बाईंच्या कानावर गेली आणि मग बाईही शुक्रवारी यायला लागल्या. छत्री मिटून, प्लास्टिकच्या खुर्चीत बसायच्या. इंजिन खोकायचं, मग धडधडायचं, मग गुरगुरायला लागायचं. बाई डोळे मिटून घ्यायच्या. बंद झालं की पदरानं डोळे पुसून टाळ्या वाजवायच्या. निवृत्ती चहा आणायचा. बाई म्हणायच्या, "तू याला माणसासारखं जपतोस रे." निवृत्तीच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

पावसाळा सरत आला तसा मास्तर आला. काळा चष्मा, अंगावर नवा शर्ट. आल्या आल्या म्हणाला, "निवृत्ती, तू इतका काळा आहेस हे मला माहीतच नव्हतं. डोळे भलतेच चांगले बसवलेत डॉक्टरनं."

निवृत्ती त्याला ओढत बाईंच्या विमानाकडं घेऊन गेला. विमान असं चकाकत होतं की मास्तरनं त्यात बघून टोपी नीट केली. मग त्यानं तेल मोजायची पट्टी बाहेर काढली. तेल मधासारखं, स्वच्छ, सोनेरी. मास्तरनं एक थेंब अंगठ्यावर घेतला, बोट लावून उघडझाप केली, नाकाशी नेला.

"हे जाड नाही."

"भारी आहे मास्तर. जाडापेक्षा भारी."

"पंखा फिरवत होतास?"

"रोज! एक दिवस चुकला नाही."

"आणि चालू?"

"दर शुक्रवारी. बाई येतात ऐकायला."

मास्तर काही बोलला नाही. तो कधी गप्प बसायचा नाही, झोपेतही बडबडायचा असं त्याची बायको सांगायची. मग मास्तरनं भिंतीवरची दोरी काढली आणि पंखा बांधून टाकला. दोन गाठी, वर तिसरी.

"आजपासून ह्याला कुणी हात लावायचा नाही."

"पण मास्तर—"

"इकडं ये."

त्यानं भंगाराच्या पेटीतून लोखंडाचे दोन बोल्ट काढले. वाळूच्या कागदानं घासून दोन्ही आरशासारखे केले. एक त्या भारी तेलात बुडवला, एक जाड तेलात. मागच्या पडवीत पाण्याची टाकी होती, तिच्यावर ओलं गोणपाट. त्या गोणपाटाच्या वर, दमटात, दोन्ही बोल्ट तारेनं टांगले.

"हा भारी तेलातला तुझा," मास्तर म्हणाला. "रोज सकाळी ये, त्याला मायेनं बोटं फिरव, सगळीकडून कुरवाळ. हा जाड तेलातला माझा. त्याला हात लावायचा नाही, बोलायचंही नाही."

"हे कशाला?"

"मला म्हाताऱ्याला करमत नाही, म्हणून."

शुक्रवारी बाई आल्या. छत्री मिटली, खुर्चीत बसल्या. बघतात तर पंख्याला दोरी.

"मास्तर, हे काय?"

"आज चालू करणार नाही बाई."

"जरासं? पाच मिनिटं?"

"पाच मिनिटं तर मुळीच नाही."

बाईंनी छत्री उचलली. मग उठल्या. जाताना निवृत्तीकडं बघून म्हणाल्या, "बांधून घातलेलं बघवत नाही रे." एवढंच. निवृत्तीला वाटलं जमिनीनं गिळावं. बाई गेल्यावर तो मास्तरवर उखडला. आयुष्यात पहिल्यांदा.

"तुम्हाला विमान कळतं, माणसं कळत नाहीत! ती बाई आठवडाभर त्या आवाजावर जगते."

"बोल्ट कुरवाळलास का आज?" मास्तर म्हणाला.

निवृत्ती पाय आपटत पडवीत गेला. कुरवाळला. रागानं कुरवाळला, पण कुरवाळला. आज्ञा ती आज्ञा.

असंच पुढं चाललं. जुई येण्याचा दिवस जवळ येत होता, विमान दोरीनं बांधलेलं, मास्तर शिकाऊ पोरांची खोडी काढण्यात दंग. एका वैमानिकाच्या टोपीत त्यानं ग्रीस लावून ठेवलं. तो पट्टी पार करून, उतरून, टोपी काढेपर्यंत सगळे हसू दाबून उभे. निवृत्ती मात्र हसला नाही.

मग एके दिवशी सकाळी निवृत्तीनं आपल्या बोल्टाला बोट लावलं आणि बोट खरखरलं. उजेडात धरून बघितलं. आट्यांच्या कडेनं, डोक्याच्या काठानं, लालसर. विटकरीसारखं. त्यानं मास्तरचा बोल्ट बघितला. तो चिकट, घाणेरडा, धूळ बसलेला, आणि धुळीच्या खाली तसाच आरशासारखा.

निवृत्ती त्या दोन बोल्टांकडं बघत राहिला. आधी त्याला वाटलं, हे घामानं झालं असेल. मग त्याची नजर पडवीतून आत, दोरीनं बांधलेल्या पंख्यावर गेली. आणि त्याच्या हातातला बोल्ट एकदम जड झाला.

मास्तर मागं येऊन उभा होता.

"मी आतनं पुसत होतो," निवृत्ती म्हणाला. "रोज. पंखा फिरवून मी आतनं तेल पुसत होतो."

"बस," मास्तर म्हणाला. दोघं टाकीच्या कट्ट्यावर बसले. आणि मग तो बोलला. तो बोलला ते आता नीट ऐका, कारण तो एवढा सरळ क्वचितच बोलायचा.

"इंजिन चालू असतं ना निवृत्ती, तेव्हा आतलं ते गरागरा फिरणारं लोखंड बाजूच्या लोखंडाला शिवत नाही. मधे तेल असतं. केसाहून पातळ. दुधावर साय धरते त्याहून पातळ. ते अख्खं धूड त्या सायीवर तरंगत असतं. वर आभाळ, खाली गावं, देवळांचे कळस, नद्या, आणि मधे दोन माणसं एका सायीवर बसलेली. मी हयात घालवली, ती साय मला कधी दिसली नाही. दिसत नाही म्हणूनच हात जोडतो. आता ऐक. रोज उडणाऱ्या विमानात ती साय रोज नवी होते, म्हणून त्याला पळणारं तेल. उभ्या विमानात तेल कोण फिरवणार? जे चिकटून बसलंय तेवढंच त्याचं पांघरूण. म्हणून त्याला जाड तेल, जे लवकर खाली उतरत नाही. आणि तू पंखा हातानं फिरवलास तेव्हा पंप जोरात फिरला नाही, नवं तेल वर गेलं नाही, जे होतं तेच पुसलं गेलं. पाच मिनिटं चालू केलंस तेव्हा काय झालं? दूध कोमट करून झाकण ठेवलं की झाकणाला आतून काय सुटतं?"

"घाम."

"तो घाम उडून जायला चांगला वेळ तापावं लागतं, वर जावं लागतं. तू घाम सुटेपर्यंत तापवायचास आणि झाकण लावायचास. तेल चूक नव्हतं निवृत्ती. पुस्तकात आहे, चालतं. पण तू डब्याकडं बघितलंस. विमान कसं जगतंय तिकडं बघितलं नाहीस. तेल कोणतं घालायचं हे डबा सांगत नाही. जगणं सांगतं."

निवृत्तीनं हातातला बोल्ट कट्ट्यावर ठेवला.

"का झोपू द्यायचं ते मी सांगायला पाहिजे होतं," मास्तर म्हणाला. "एसटी सुटत होती."

मग त्यांनी विमानाचं एक सिलिंडर उतरवलं. आत, इंजिनाच्या पोटात, सगळ्यात वरच्या बाजूला एक दांडा असतो, त्याला उंचवटे असतात. ते उंचवटे फिरतात तशा झडपा उघडतात आणि मिटतात. उभ्या इंजिनातलं तेल आधी त्याच्यावरूनच उतरतं, कारण तो वर. मास्तरनं बॅटरी निवृत्तीच्या हातात दिली. "तू बघ. माझे डोळे नवे आहेत, मला त्यांना असलं काही दाखवायचं नाही."

निवृत्तीनं छोटा आरसा आत घातला, बॅटरी मारली. दांडा तिथं होता, कोणी न बघितलेल्या अंधारात. आणि त्याच्या दोन उंचवट्यांवर लाल बारीक ठिपके. देवीचे व्रण असावेत तसे. कोवळे, पण खोल गेलेले.

त्याला कळलं. हे असंच वर गेलं असतं तर ठिपक्यातून लोखंड सुटलं असतं, चुरा तेलात, तेल सगळीकडं. एक दिवस पट्टी सोडून वर गेल्यावर जोर कमी झाला असता. जुई डाव्या सीटवर, बाई उजव्या सीटवर. निवृत्ती बॅटरी तशीच धरून बसून राहिला.

बाईंना सांगायला मास्तर जाणार नव्हता. "मी म्हातारा, मला सगळे माफ करतात," तो म्हणाला. "तू जा."

निवृत्ती हॅचरीवर गेला. जुई त्याच दिवशी आलेली, पिशव्या अजून दारात. त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तेल, पंखा, शुक्रवार, ठिपके. नवा दांडा मागवावा लागेल. नवरात्रात विमान उठणार नाही.

बाई म्हणाल्या, "म्हणजे मी खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होते तेव्हा…"

"हो बाई."

"आणि तू मला वर चहा पाजत होतास."

निवृत्तीनं मान खाली घातली. जुई पुढं झाली. बापाचा चेहरा, बापाची उंची. ती म्हणाली, "दादा, ते ठिपके मला बघायला मिळतील?"

तिघं हँगरवर आली. जुईनं आरशातून बघितलं. बाईंनीही बघितलं, चष्मा वर करून. एवढ्या वर्षांत बाईंनी त्या विमानाचं पोट कधी पाहिलं नव्हतं. त्या मागं सरल्या आणि म्हणाल्या, "किती गं नाजूक असतं आत."

नवा दांडा पार्सलनं आला. मास्तर, निवृत्ती आणि जुई, तिघांनी मिळून इंजिन बांधलं. सिलिंडर घासले, रिंगा नव्या घातल्या. निवृत्तीनं न विचारता साधं तेल घेतलं, काहीही न मिसळलेलं, आणि मास्तरनं न बघितल्यासारखं केलं. दिवाळीच्या आधी विमान उठलं. जुई डावीकडं, बाई उजवीकडं. पहिल्या दिवशी बाईंनी वर जाऊन डोळे घट्ट मिटून घेतले होते असं जुई सांगत होती. दुसऱ्या दिवशी एक उघडला. मग रोज जायला लागल्या. जुई ते चांगलं दामटायची, सांगितलं होतं तसं. इंजिन तेल प्यायचं थांबलं. रिंगांची ओळख झाली होती.

आता साधं तेल काढून कायमचं तेल घालायची वेळ आली.

दुपारची वेळ होती. साधं तेल खालच्या घमेल्यात ठिबकून संपलं. बाई खुर्चीत बसल्या होत्या. मास्तर पायरीवर. कट्ट्यावर दोन डबे, एक पळणाऱ्या तेलाचा, एक जाड तेलाचा. निवृत्तीनं हात पुसले. डब्यांकडं तो गेलाच नाही. तो जुईसमोर जाऊन उभा राहिला.

"जुईताई, ह्याला किती उडवणार तुम्ही?"

"म्हणजे?"

"रोज? आठवड्यातून? का सणावाराला? खरं सांगा. चांगलं वाटावं म्हणून सांगू नका. मला त्यावरून तेल घालायचंय."

जुईनं आईकडं बघितलं. बाई तिच्याकडंच बघत होत्या. जुई बोलायला वेळ लावत होती, आणि हँगरच्या पत्र्यावर कबुतरं चालत होती त्यांच्या नखांचा आवाज येत होता.

"आई," ती म्हणाली, "मला तिकडं नोकरी मिळालीय. मोठी विमानं. दिवाळी झाली की जायचंय. मी सांगणारच होते. जमत नव्हतं."

बाई हलल्या नाहीत. "वर्षातून किती वेळा येशील?"

"एकदा. जमलं तर दोनदा."

निवृत्तीला वाटलं, विचारलं नसतं तर बरं झालं असतं. त्यानं मास्तरकडं बघितलं. मास्तर जमिनीकडं बघत होता. त्यानं डोकं जरासं हलवलं, हो म्हणून की थांब म्हणून ते कळलं नाही.

बाईंनी पदर खांद्यावर नीट घेतला. "ऐकलंस ना निवृत्ती? मग जाड घाल."

निवृत्तीनं डबा फोडला. जाड तेल खाली उतरायला लागलं, सावकाश, एक अखंड दोरा होऊन, उन्हात लालसर चमकत. चौघं ते बघत राहिली. एवढ्या हळू होणाऱ्या गोष्टीकडं माणसं इतकी टक लावून क्वचितच बघतात.

"आणि शुक्रवारी चालू नका करू," बाई म्हणाल्या. "मी त्याला जपायला येत नव्हते. आवाज मला हवा होता." त्या जरा थांबल्या, मग जुईकडं वळल्या. "तू जा. कधी येणार ते आधी सांगत जा, म्हणजे हे लोक याला उठवून ठेवतील. बाकीचे दिवस झोपू दे त्याला."

जुईनं तोंड फिरवलं आणि विनाकारण एक स्वच्छ पाना पुन्हा पुसायला घेतला.

मास्तर उठला. "तेल नुसतं भरून ठेवायचं नसतं बाई, ते सगळीकडं गेलं पाहिजे. जुई, आईला घेऊन जा. तासभर तरी फिरवा. चांगलं तापू दे, घाम जाऊ दे, मग आणून ठेवा."

"तासभर?" बाई म्हणाल्या. "मला भूक लागेल."

"वर आभाळात भजीवाला नसतो बाई. इथनं खाऊन जा."

विमान पट्टीवरून धावलं, पट्टी संपायच्या आत सुटलं, आणि माळाच्या कडेच्या बोडक्या टेकडीवरून वळलं. निवृत्ती बघत राहिला. दोन बायका, एक धूड, आणि त्या धुडाच्या आत कधी न दिसणारी ती साय. ती आता सगळीकडं पोचली असेल. वर दांड्यावर, उंचवट्यांवर, जिथं ठिपके होते त्या जागी. त्यानं हात जोडले, आणि बाजूला मास्तर उभा आहे हे लक्षात येऊन पटकन खाली घेतले.

"जोड, जोड," मास्तर म्हणाला. "मी कुणाला सांगणार नाही."

आवाज लहान होत गेला, मग नुसतं आभाळ राहिलं. त्या दिवसानंतर सगळ्यात भारी तेल कोणतं असं निवृत्तीनं कुणाला विचारलं नाही. तो आधी विमानाच्या मालकाला बसवायचा, पाणी द्यायचा, आणि त्याच्या दिवसांबद्दल विचारायचा.

तुम्हीही घरी जाऊन कुणाचे लाड करायला निघाल, तर आधी त्याच्या समोर बसा आणि विचारा, बाबा रे, तू जगतोस कसा?